इंग्लंडमधली खासगी निवासी शाळा: इयर ९ ला घालावं की थेट इयर १२ ला?

सांजवात

मुलीचा जन्म फेब्रुवारी २०१४ चा. तिला इंग्लंडमधल्या खासगी निवासी शाळेत पाठवायचं ठरलं आहे. 'एवढ्या लहान वयात कशाला' ही चर्चा घरात पुरेशी झाली, इथे नको. माहितगारांकडून हवंय ते असं:

१. कोणत्या इयत्तेला पाठवणं सोयीचं? काही जण इयर ९ म्हणतात, काही म्हणतात दहावी इथेच करा आणि मग पाठवा.
२. प्रवेश परीक्षा नक्की कोणत्या आणि कधी?
३. क्रमवारीच्या याद्या सोडून शाळा कशी जोखायची? माहितीपुस्तिका सगळ्यांच्या सारख्याच. हिरवळ, घोडे, व्हायोलिन.
४. जाहीर केलेल्या फीच्या वर आणखी काय काय भरावं लागतं?
५. गार्डियन (पालकांच्या वतीनं तिथे मुलीची जबाबदारी घेणारी व्यक्ती) आणि व्हिसा.

---

खडूफळा

आधी वर्गाचं गणित, कारण अर्ज तिथेच चुकायला लागतात. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुलं एका वर्गात. तुमच्या मुलीची तुकडी सप्टेंबर २०१३ ते ऑगस्ट २०१४ ची. म्हणजे सप्टेंबर २०२७ ला इयर ९, २०२८ ला इयर १०, २०३० ला इयर १२. आपल्या शाळेत ती कितवीत आहे याला तिथे फारसा अर्थ नाही. प्रवेश कार्यालयाला लिहिताना 'सध्या अमुक इयत्ता' असं न लिहिता जन्मतारीख आणि 'सप्टेंबर २०२७, इयर ९' असं लिहा. नाहीतर पहिले दोन ईमेल यातच जातात.

वरिष्ठ शाळांचे मुख्य दरवाजे तीन: ११ व्या वर्षी इयर ७, १३ व्या वर्षी इयर ९, १६ व्या वर्षी इयर १२. बऱ्याच शाळा इयर १० लाही थोड्या जागा देतात. इयर ११ ला मात्र शक्यतो जाऊच नका. जीसीएसई हा इयर १० आणि ११ असा दोन वर्षांचा, शेवटी परीक्षा असलेला अभ्यासक्रम आहे. शाळेनुसार परीक्षा मंडळ बदलतं, इंग्रजी साहित्याला नेमलेली नाटकं-कविता वेगळी. अर्ध्यातून शिरणाऱ्या मुलीला गेल्या वर्षीचं सगळं एकटीनं भरून काढावं लागतं. काही शाळा परदेशी मुलांसाठी जीसीएसईचा एक वर्षाचा खास वर्ग चालवतात, तो प्रकार वेगळा. इयर १३ ला तर दार बंदच समजा.

इयर ९ ची अडचण अशी की चुरशीच्या शाळांची नोंदणी फार लवकर संपते. मुलग्यांच्या इटन शाळेत इयर ५ च्या ३० जूनला नोंदणी बंद होते, म्हणजे प्रवेशाच्या तीन वर्षं आधी. मुलींच्या आणि एकत्र शाळांमध्येही पहिल्या फळीतल्या अनेकांचा पूर्वचाचणीचा हंगाम इयर ६ किंवा ७ मध्ये उरकलेला असतो. त्यामुळे २०२७ च्या इयर ९ साठी त्यांतल्या काहींकडे आता फक्त प्रतीक्षायादी असेल. पण इंग्लंडमध्ये शाळा काही दहाच नाहीत. बऱ्याच चांगल्या निवासी शाळा प्रवेशाच्या आदल्या वर्षीपर्यंत, काही तर त्याच वर्षीच्या वसंतापर्यंत अर्ज घेतात. याच आठवड्यात आठ-दहा शाळांना ईमेल टाका, एकच प्रश्न विचारा: 'सप्टेंबर २०२७, इयर ९, मुलगी, पूर्ण निवासी, परदेशी. जागा आहे का आणि नोंदणीची शेवटची तारीख कोणती?' उत्तरं आल्यावर यादी आपोआप निम्मी होते.

अवांतर: तिकडे 'पब्लिक स्कूल' म्हणजे फी घेणारी जुनी खासगी शाळा. सरकारी निवासी शाळाही असतात, त्यांची फी फक्त राहण्याजेवणाची म्हणून कमी दिसते आणि लोक हुरळतात. त्या आपल्या कामाच्या नाहीत. यूकेमध्ये राहण्याचा हक्क नसलेल्या परदेशी नागरिकाला तिथे प्रवेश नाही, आणि चाइल्ड स्टुडंट व्हिसा मिळतो तो खासगी शाळेसाठीच.

---

तळटीप

खडूफळांनी परीक्षांना हात लावला नाही, तो भाग मी लिहितो.

आयएसईबी कॉमन प्री-टेस्ट (वर आलेली पूर्वचाचणी, अनेक शाळांची सामायिक): इंग्रजी, गणित, शाब्दिक तर्क, अशाब्दिक तर्क. संगणकावर, पर्यायी उत्तरांची, आणि उत्तरांप्रमाणे प्रश्न सोपे-कठीण होत जाणारी. एका शैक्षणिक वर्षात एकदाच देता येते आणि तोच निकाल तुम्ही निवडलेल्या सगळ्या शाळांना जातो. गुण वयानुसार समायोजित होतात, सरासरी १०० धरून. म्हणजे तुलना त्याच वयाच्या मुलांशी होते, वर्गाशी नव्हे.

यूकेसेट: परदेशी मुलांसाठीची सामायिक परीक्षा. तर्काचे भाग, इंग्रजी वाचन आणि श्रवण, शिवाय एक निबंध. हीसुद्धा उत्तरांप्रमाणे बदलणारी. पहिले प्रश्न घाईत चुकवले की पुढचे सोपे येतात आणि गुणांची कमाल मर्यादाच खाली येते. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. आपल्या मुलांना 'आधी येतंय ते सोडवून घ्या, बाकीचं नंतर' ही सवय असते. इथे ती उलटी पडते. यूकेसेट पुन्हा द्यायची तर मध्ये सहा महिन्यांचं अंतर लागतं, तेव्हा 'बघू तरी कशी असते' म्हणून देऊ नका. पहिला निकालच शाळेच्या टेबलावर जाऊन बसतो.

निबंध जसाच्या तसा शाळेला पाठवला जातो. पाठ केलेली सुरुवात तिथल्या शिक्षकाला दुसऱ्या ओळीत कळते. साधी, नेमकी वाक्यं आणि विषय सोडून न भरकटणं, एवढं पुरे.

त्यानंतर शाळेची स्वतःची परीक्षा, साधारण इंग्रजी आणि गणित, आणि ऑनलाइन मुलाखत. इंग्रजीच्या पेपरात मुलं अडखळतात ती एकाच जागी. उताऱ्यात काय घडलं हे त्यांना सांगता येतं, पण लेखकानं तोच शब्द का वापरला, त्यानं वाचकावर काय परिणाम होतो, हे विचारलं की पुन्हा गोष्टच सांगतात. वर्षभर आठवड्याला एक उतारा, त्यातले तीन शब्द, प्रत्येकावर चार ओळी. याहून वेगळी शिकवणी लागत नाही.

गणितात वेग आपल्या मुलांकडे असतो. गुण जातात ते रीत न लिहिल्यामुळे, आणि 'कारण द्या' या प्रश्नात नुसतं उत्तर लिहिल्यामुळे.

---

खडूफळा

तळटीप, छान लिहिलंत. एक भर: मुलाखतीच्या वेळी पालकांनी खोलीत बसू नये. कॅमेऱ्याबाहेर बसलं तरी मुलीची नजर तिकडे वळते आणि समोरच्याला सगळं दिसतं. प्रश्न साधे असतात: सध्या काय वाचतेस, कशात वेळेचं भान राहत नाही, काय अवघड जातं. शेवटच्या प्रश्नाला 'काहीच नाही' हे सगळ्यात वाईट उत्तर.

आणि संदर्भपत्र. सध्याच्या मुख्याध्यापकांकडून ते थेट नव्या शाळेला जातं, तुमच्या हातात येत नाही. आपल्याकडे बरेचदा 'वर्तन समाधानकारक' अशा चार ओळींचा दाखला निघतो. तिकडे त्याचा अर्थ 'सांगण्यासारखं काही नाही' असा होतो. वर्गशिक्षकांना दोन महिने आधी भेटा, फॉर्ममधले प्रश्न दाखवा. गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकंही लागतात. त्यात नुसते गुण असतील तर विषयशिक्षकांकडून प्रत्येकी तीन-चार ओळींचा अभिप्राय वेगळा घ्या.

वाचन-लेखनाची काही अडचण, डिस्लेक्सिया वगैरे, असेल तर तज्ज्ञाचा अहवाल परीक्षेच्या आधी पाठवा. जादा वेळ मिळू शकतो. लपवलं आणि नंतर उघड झालं तर बहुतेक शाळांच्या करारात जागा काढून घ्यायचं कलम असतं.

---

दुसरीबाजू

इयर १२ ची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून.

१६ व्या वर्षी जाण्यात खर्च दोन वर्षांचा, मुलगी कळती झालेली, आणि वेळापत्रक आपल्या दहावीशी जुळतं. नोंदणी आदल्या वर्षी उन्हाळ्यात किंवा सप्टेंबरपर्यंत, परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, होकार डिसेंबरच्या आसपास, आणि तो दहावीच्या निकालाच्या अटीवर. परीक्षा ए-लेव्हलला, म्हणजे इयर १२-१३ च्या अभ्यासक्रमाला, जे विषय घ्यायचे त्यांचीच असते. भौतिक, रसायन, जीव वेगवेगळे. गणितात सदिश, साइन आणि कोसाइनचे नियम गृहीत धरलेले असतात, आपल्या दहावीत ते येत नाहीत. दोन-तीन महिने वेगळा अभ्यास धरावा लागतो.

पण याच्या पोटात एक अडचण आहे, ती फारसं कोणी सांगत नाही. विद्यापीठाचा अर्ज इयर १३ च्या सुरुवातीलाच जातो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयसाठी १५ ऑक्टोबरपर्यंत. त्या अर्जात शिक्षकांनी वर्तवलेले गुण असतात, आणि ते इयर १२ च्या शेवटच्या परीक्षांवर ठरतात. म्हणजे सप्टेंबरात नव्या देशात उतरलेल्या मुलीला नऊ-दहा महिन्यांत शिक्षकांच्या नजरेत भरायचं आहे. त्यातलं पहिलं सत्र पद्धत समजण्यात जातं. इयर ९ पासून असलेल्या मुलीला शिक्षक चार वर्षं ओळखत असतात.

मधला रस्ता इयर १०. जीसीएसई पूर्ण मिळतं, दोन्हीकडचे अभ्यासक्रम तुटत नाहीत. फक्त जागा कमी, आणि मैत्रीची टोळकी इयर ९ मध्येच जमलेली असतात. तुमच्या जागी २०२७ ची उत्तरं काय येतात ते बघून २०२८ चा इयर १० हा दुसरा डाव राखून ठेवता येईल.

आणखी एक गैरसमज: 'तिथेच शाळा केली की विद्यापीठात स्थानिक फी लागते.' नाही लागत. शिक्षणासाठी तिथे राहिलेला काळ त्यासाठी धरत नाहीत. पाच वर्षं निवासी शाळेत काढूनही विद्यापीठात परदेशी दरानेच फी भरावी लागते.

---

ओसरी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. क्रमवारीतली शाळा अभ्यासाची असते, मुलगी मात्र राहते ती 'हाउस'मध्ये, म्हणजे शाळेच्या वसतिगृहात. त्यामुळे प्रश्न हाउसबद्दल विचारा.

पहिला आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न: शनिवारी रात्री हाउसमध्ये किती मुली झोपायला असतात? 'पूर्ण निवासी' अशी पाटी असलेल्या कित्येक शाळांत निम्म्या मुली आठवडी किंवा अधूनमधून राहणाऱ्या असतात. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या येतात, आणि शनिवार-रविवारी उरतात त्या फक्त परदेशातल्या. साठ मुलींच्या हाउसमध्ये बारा उरत असतील तर ती शाळा तुमच्या मुलीसाठी पूर्ण निवासी नाही, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. शनिवारी वर्ग असतात का, हेही विचारा. ज्या शाळांत शनिवारी सकाळी तास आणि दुपारी सामने असतात, तिथे आठवडाअखेर आपोआप भरलेली असते.

मग: हाउसमिस्ट्रेस, म्हणजे हाउसच्या प्रमुख, किती वर्षं त्या हाउसला आहेत, आणि पुढच्या वर्षी असणार आहेत का? रात्री हाउसच्या इमारतीत कोण मोठं माणूस झोपतं? मेट्रन (मुलींची रोजची देखभाल करणाऱ्या बाई) किती वाजेपर्यंत असतात? एका खोलीत किती जणी, आणि खोलीतल्या मुली दर सत्राला बदलतात का? एकाच देशातल्या मुली एका हाउसमध्ये किती असाव्यात यावर काही मर्यादा आहे का? फोन रात्री जमा करतात का आणि किती वाजता? आई-वडिलांशी बोलायची वेळ आपल्याकडची कितीची होते तेही त्याच वेळी काढून ठेवा. अभ्यासाची सक्तीची वेळ, म्हणजे 'प्रेप', संपून दिवे मालवेपर्यंत तासभरच उरतो, आणि तोवर आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते.

तपासणी अहवाल वाचा. इंग्लंडमधल्या अनेक खासगी शाळांची तपासणी आयएसआय (इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टोरेट) करते, अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. २०२३ पासून 'उत्कृष्ट' वगैरे शिक्के बंद झाले. आता मानकं पूर्ण होतात की नाही एवढंच सांगतात. निवासाची आणि मुलांच्या सुरक्षिततेची मानकं जिथे 'पूर्ण नाहीत' असं असेल, तिथे पुढचा पाठपुरावा अहवाल शोधा. स्कॉटलंडमध्ये निवासाची तपासणी केअर इन्स्पेक्टोरेट करतं, वेल्समध्ये वेगळ्या यंत्रणा आहेत. स्कॉटलंडची शाळा घेणार असाल तर सत्रंही वेगळी, ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात.

निकाल बघायचे तर सरासरी बघू नका. मुलीला ज्या विषयांची आवड आहे त्यांचे ए-लेव्हलचे निकाल तीन वर्षांचे मागा, सोबत विद्यार्थिसंख्या. भौतिकशास्त्राला चार जणी असतील तर 'शंभर टक्के ए' याला अर्थ नाही.

भेट द्यायची तर शाळा चालू असतानाची द्या. ठरवून आयोजित केलेल्या दिवशी सगळीच शाळा लग्नघर असते. जाणं शक्य नसेल तर व्हिडिओवर हाउसमिस्ट्रेसशी आणि तिथल्या एका मुलीशी बोलणं करून द्या म्हणावं. नाही म्हणणारी शाळा यादीतून काढा.

---

हिशेबनीस

चौथा प्रश्न माझा.

फी सत्राची सांगतात, वर्षाला तीन सत्रं. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट आहे, राहण्याजेवणाच्या भागासह. तेव्हा पहिला प्रश्न: हा आकडा व्हॅट धरून की सोडून? जुनी माहितीपुस्तिका हाती असेल तर फसाल. इटनसारख्या शाळेची वर्षाची फी आता व्हॅटसह ६० हजार पौंडांच्या वर आहे. त्याहून बऱ्याच कमी फीच्या शाळाही पुष्कळ आहेत.

उदाहरणापुरतं व्हॅटसह सत्राला १८,००० पौंड धरू. वर्षाचे ५४,०००. इयर ९ ते १३ पाच वर्षं, म्हणून २ लाख ७० हजार, असं लोक मांडतात. पण फी दर वर्षी वाढते. ५ टक्के वाढ धरली तर पाच वर्षांची बेरीज २ लाख ९८ हजारांच्या आसपास जाते. वर रुपयाची घसरण. पाचव्या वर्षाची तजवीज पहिल्याच वर्षी कागदावर दिसत नसेल तर इयर १२ चा विचार करा. मधल्या वर्षी मुलीला काढून आणणं तिच्यासाठी सगळ्यात वाईट.

फीच्या वर काय:
नोंदणी शुल्क, परत मिळत नाही. जागा स्वीकारताना अनामत. परदेशी मुलांकडून ती बरेचदा पूर्ण एका सत्राच्या फीइतकी असते, आणि शेवटच्या बिलातून वळती होते. व्याज नाही. परीक्षा शुल्क, वाद्यवादनाचे खासगी तास, इंग्रजीचे जादा तास, सहली, गणवेश आणि खेळांचे कपडे, कधी धुलाई. गार्डियनची फी आणि सुट्टीतल्या मुक्कामाचे दिवसागणिक पैसे वेगळे. विमानतळापासूनची टॅक्सी ही किरकोळ बाब समजू नका, वर्षाला सहा ते दहा फेऱ्या होतात. शाळांना 'गेल्या वर्षी इयर ९ च्या परदेशी मुलीचं सत्राचं सरासरी जादा बिल किती आलं' असं विचारलं तर लेखा विभाग सांगतो.

करारातलं नोटिशीचं कलम. शाळा सोडायची तर पूर्ण एका सत्राची लेखी नोटीस, आणि ती शेवटच्या सत्राच्या पहिल्या दिवसापूर्वी. डिसेंबरात शेवट करायचा असेल तर सप्टेंबर उजाडण्याआधी कळवलेलं असलं पाहिजे. एक दिवस उशीर झाला की पुढच्या सत्राची पूर्ण फी. जागा स्वीकारल्यावर, शाळा सुरू होण्याआधी विचार बदलला तरी हेच कलम लागतं. दोन शाळांत अनामत भरून ठेवू म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. पियानोचा तास बंद करायलाही बऱ्याच ठिकाणी सत्राची नोटीस लागते.

शेवटचं, आणि सध्या फार महत्त्वाचं. शाळा स्वतः तग धरून आहे का? बऱ्याच खासगी शाळा धर्मादाय संस्था आहेत. इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाका, गेल्या काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब फुकट मिळतात. कंपनी म्हणून चालणाऱ्या शाळांचे कंपनीज हाउस या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर. तीन गोष्टी बघा: विद्यार्थिसंख्या सलग घटते आहे का, तूट सलग आहे का, आणि बँकेचं कर्ज कधी फेडायचं आहे. शाळा बंद पडली तर तुमची अनामत ही बिनतारण देणी ठरते आणि रांगेत बँकेच्या मागे जाते. 'पाच वर्षांची फी एकरकमी भरा, सूट देऊ' ही योजनाही याच नजरेनं वाचा.

---

सांजवात

सगळ्यांचे आभार. शनिवारच्या रात्रीचा प्रश्न सुचलाच नसता, हिशेबाची बाजूही.

गार्डियनचं एक विचारते: माझा मावसभाऊ रेडिंगला असतो. मुलीचा मामाच तो. त्याला गार्डियन केलं तर चालेल ना? एजन्सीचा खर्च वाचेल. आणि एका एजंटनं 'अमुक शाळेत जागा नक्की करून देतो' म्हटलं आहे.

---

पालवी

मामा गार्डियन होऊ शकतात, शाळेनं मान्य केलं तर. पण नातं आपल्या भाषेत मोजू नका, तिथल्या कायद्यात मोजा. १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टमध्ये जवळचे नातेवाईक म्हणजे आजी-आजोबा, भाऊ, बहीण, सख्खे किंवा सावत्र काका-मामा-आत्या-मावशी आणि त्यांचे जोडीदार, सावत्र आई-वडील. आईचा मावसभाऊ त्यात नाही. आपल्याकडे तो मामाच, पण तिथे तो परका माणूस.

याचा परिणाम असा. १६ वर्षांखालचं मूल अशा व्यक्तीकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर तो 'प्रायव्हेट फॉस्टरिंग'चा प्रकार होतो, आणि स्थानिक कौन्सिलला आधी कळवावं लागतं. ते घर बघायला येतात. मधली सुट्टी आठवडा-दोन आठवड्यांची, त्यात हा प्रश्न येत नाही. पण उन्हाळ्याची सुट्टी आठ आठवड्यांच्या आसपास असते. 'तिकीट महाग आहे, राहू दे मामाकडेच' म्हटलं की २८ दिवस सहज उलटतात.

आता काम काय असतं ते बघा, मग मामांना विचारा. दर सत्राला एक-दोन 'एक्झियाट', म्हणजे शाळा बंद असलेला आठवडाअखेर, शिवाय सत्राच्या मध्याची सुट्टी. या दिवसांत मुलीला घरी ठेवायचं. ताप, गोवर, कांजिण्या झाल्या तर शाळा गार्डियनला फोन करते आणि त्याच दिवशी न्यायला सांगते. शिस्तभंगात निलंबन झालं तरी तेच. पालकसभेला जायचं. विमान रात्री दोनला उतरलं तर विमानतळावर. मामा कामानिमित्त फिरतीवर असतील तर हे जमणार नाही. शाळेपासून दोन तासांत पोहोचता येईल असं घर हवं. अनेक शाळा गार्डियनचं वय २५ च्या वर हवं आणि तो स्वतः विद्यार्थी नको अशी अट घालतात.

मधला उपाय असा: अधिकृत गार्डियन म्हणून संस्था, आणि शाळेच्या परवानगीनं काही सुट्ट्यांत मामांचं घर. संस्था निवडताना एजिसची मान्यता बघा. एजिस ही गार्डियन संस्थांची तपासणी करून मान्यता देणारी संस्था आहे. विचारायचे प्रश्न: यजमान कुटुंबातल्या सगळ्या प्रौढांची डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) पडताळणी झाली आहे का, मुलगी दर वेळी त्याच घरी जाईल का, रात्री फोन कोण उचलतं, आणि स्वतःची खोली मिळेल का.

एजंटबद्दल: त्यांना शाळांकडून पहिल्या वर्षाच्या फीवर कमिशन मिळणं ही रूढ पद्धत आहे. गैर काही नाही, पण मग ते कमिशन देणाऱ्याच शाळा सुचवतात. सरळ विचारा, या शाळेकडून तुम्हाला काय मिळतं? 'जागा नक्की' म्हणणारा मात्र टाळाच. जागा फक्त शाळा देते, लेखी देते, आणि अनामतीचे पैसे शाळेच्याच खात्यात जातात. शाळेला परदेशी मुलं घ्यायचा परवाना आहे का ते ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच्या परवानाधारक प्रायोजकांच्या यादीत दिसतं. नावाशेजारी 'चाइल्ड स्टुडंट' असं असलं पाहिजे.

---

खिडकीक्रमांक४

व्हिसा राहिला.

चाइल्ड स्टुडंट व्हिसा ४ ते १७ वयासाठी. इंग्रजीची वेगळी परीक्षा लागत नाही. १६-१७ ला स्टुडंट व्हिसाही घेता येतो, पण त्याला इंग्रजीचा पुरावा लागतो, म्हणून खासगी शाळेसाठी चाइल्ड स्टुडंटच सोपा.

शाळा 'कॅस' क्रमांक, म्हणजे व्हिसासाठी प्रवेश पक्का असल्याची नोंद, देते, तो सहा महिने चालतो. अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी. भारतातून जाणाऱ्याला क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो, तोही ब्रिटिश गृहखात्यानं मान्य केलेल्या दवाखान्यातलाच आणि सहा महिन्यांच्या आतला. नेहमीच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही.

पैसे: कॅसवर लिहिलेली एका वर्षाची शिकवणी आणि निवासाची फी, त्यातून आधी भरलेली रक्कम वजा. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी, आणि शेवटचा दिवस अर्जाच्या आधी ३१ दिवसांहून जुना नको. २८ पैकी एका दिवशी शिल्लक खाली गेली की अर्ज फेटाळला जातो, नंतर भरपाई केली तरी. शेअर, रोखे, पेन्शन निधी मोजत नाहीत. विनिमय दर हलतो म्हणून पाच-सात टक्के जास्त ठेवा. खातं आई-वडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि संमतिपत्र सोबत.

अडतं ते इथेच. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'स्त्री' आणि आई-वडिलांची नावं. किंवा आईचं माहेरचं नाव दाखल्यावर आणि सासरचं पासपोर्टवर. दुरुस्तीला लागतात महिने, त्यामुळे हे आजच कपाटातून काढून बघा. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर. संमतिपत्रावर आई आणि वडील दोघांच्या सह्या, आणि त्यात तिन्ही गोष्टींना संमती हवी: व्हिसाचा अर्ज, इंग्लंडपर्यंतचा प्रवास, तिथली राहण्याची व्यवस्था. लोक पहिली लिहितात आणि उरलेल्या दोन विसरतात.

आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी) मुलांना वर्षाला ७७६ पौंड, पूर्ण मुदतीचा एकदम भरायचा, व्हिसा शुल्काखेरीज. मुदत मोजताना सुरुवातीचा महिना आणि अखेरचे चार महिने धरतात. सहा महिने किंवा कमी तुकडा उरला तर अर्धा आकार. इयर ९ ते १३ चा एकच कॅस असेल तर सुमारे सव्वापाच वर्षं, म्हणून साडेपाचचा आकार: ४,२६८ पौंड. शाळेनं कॅस इयर ११ पर्यंतचाच दिला तर साडेतीनचा, २,७१६ पौंड, आणि जीसीएसईनंतर पुन्हा सगळी कागदपत्रं. कॅस कुठपर्यंतचा देणार, हे जागा स्वीकारण्याआधी विचारा.

प्लास्टिकचं निवास कार्ड आता नाही, परवाना ऑनलाइन खात्यात असतो. त्या खात्याला जोडलेला ईमेल पालकांचा ठेवा, मुलीच्या सध्याच्या शाळेचा नको. शाळा सोडली की तो ईमेल बंद होतो.

---

ओसरी

औषधांचं कोणी लिहिलं नाही. घरून दिलेली औषधं मुलीच्या कपाटात राहत नाहीत, मेट्रन किंवा आरोग्य केंद्र ताब्यात घेतं. इंग्रजी लेबल आणि डॉक्टरांची चिठ्ठी नसलेली गोळी, काढा, आयुर्वेदिक चूर्ण सरळ बाजूला ठेवतात. नियमित औषध असेल तर मूळ नाव आणि मात्रा लिहिलेलं इंग्रजी पत्र द्या, कंपनीचं नाव तिथे वेगळं असतं. लसींची नोंदही इंग्रजीत: गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस झालेत का बघा, आणि मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय लस तिथे साधारण इयर ९ मध्ये देतात, त्याचा संमतिफॉर्म पहिल्याच सत्रात येतो.

---

सांजवात

जन्मदाखला काढला. नाव नाही त्यावर. उद्या महापालिकेत जाते. आठ शाळांना ईमेल आज रात्री टाकते, उत्तरं आली की इथेच लिहीन.